ऐकण्याची कळ

बाई, माझ्या भाचीला तिच्या कंपनीत बढती मिळाली. हाताखाली आठ-दहा माणसं आली, म्हणून तिला दोन दिवस वर्धा रोडवरच्या एका हॉटेलात नेतृत्व शिकायला पाठवलं. परत आली तेव्हा तिच्याजवळ एक पिशवी होती, एक पेन होतं आणि पुष्कळ नवे शब्द होते. जेवताना तिने विचारलं, "मावशी, तू इतकी वर्षं सुपरवायझर होतीस. तुला हे कोणी शिकवलं?" मी म्हटलं, "कोणी नाही. काम करता करता येतं." ती बरं म्हणाली आणि वरणभात कालवायला लागली. मी मात्र ताटावरून उठले तेव्हापासून अस्वस्थ आहे, कारण ते खोटं होतं. मला तुम्ही शिकवलं. फक्त ते शिकवणं होतं की आणखी काही, याचा निर्णय मला आजवर करता आलेला नाही, आणि तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आता विचारायलाही कोणी उरलं नाही.

मी ट्रंक एक्स्चेंजमध्ये, परगावचे फोन जोडून द्यायच्या कामावर, आले तेव्हा वीस वर्षांचीही नव्हते. उमरेडची, विणकराच्या घरची. आमच्या घरात माग चालू असताना बोलायचं म्हणजे ओरडावंच लागे, आणि माग सदान्‌कदा चालू असे. त्यामुळे हळू बोलणारा माणूस काहीतरी लपवतो, असा माझा लहानपणापासूनचा समज. तुम्ही हळू बोलायचात. आमच्या सुपरवायझर म्हणून बोर्डांच्या रांगेमागे, उंच टेबलापाशी बसायचात आणि तिथून उठून कधी पाठीशी आलात ते कळायचं नाही. पहिल्याच आठवड्यात मी एका माणसाला सांगितलं, "थांबा, तुमचा नंबर लागून राहिला." मागून आवाज आला, "लागून राहिला नाही. लागतो आहे. आणि ओरडू नकोस, मधे तार आहे, नाला नाही." शेजारच्या मुली हसल्या. मी त्या दिवशी घरच्या भाषेला कुलूप घातलं आणि तुमच्यावर नजर ठेवायला सुरुवात केली. तुम्ही माझ्यावर ठेवायचात, तशी.

पुढे एकदा हेडफोनने माझ्या कानामागची कातडी सोलली. मी कोणाला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बोर्डावर मऊ जुन्या लुगड्याच्या दोन गाद्या ठेवलेल्या, हेडफोनला बरोब्बर बसतील अशा हाताने शिवलेल्या. कोणी ठेवल्या ते तुम्ही बोलला नाहीत, पण त्या कापडाची साडी तुमच्या अंगावर मी पाहिली होती. दुसरी कोणी असती तर तिला भरून आलं असतं. मला वाटलं, ह्यांना माझ्याकडून काय हवंय? गाद्या मी वापरल्या. पण त्या वापरताना रोज मनात यायचं की आता एक दिवस मला बोलावतील आणि विचारतील, त्या अमकीचं काय चाललंय सांग बघू.

माझ्या शेजारच्या बोर्डावर ती बसायची. तिचं नाव इथे लिहीत नाही. तुम्हाला माहीत आहे. माझ्याआधी दोन वर्षं लागलेली, जरीपटक्याकडून सायकलवर यायची, डब्यात रोज दोघींपुरती भाजी आणायची. तिलाही तुम्ही भाषेवरून बोलायचात. ती "हो बाई" म्हणायची आणि पुढच्याच कॉलला, "थांबा ना भाऊ, लावून राहिले मी" म्हणायची. लोकांना तिचाच आवाज आवडे. तासन्‌तास मुंबईची लाइन मिळत नसली तरी तिच्यावर कोणी चिडत नसे. मी शुद्ध बोलायचे आणि माझ्याशी सगळे भांडायचे.

मग तो मे महिना आला, कूलर बंद पडले तेव्हाचा. नागपूरचा मे, खिडक्या बंद, पंखे गरम हवा ढवळताहेत, आणि एक नवी मुलगी बोर्डावरच डोकं टेकून बेशुद्ध झाली. साहेबांकडे निरोप गेला, तर उत्तर आलं की कागद वर गेले आहेत. शेजारच्या बोर्डावरून माझ्या मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. दोघींनी हेडफोन काढले आणि उभ्या राहिलो. बस्स, तेवढंच. आमचं पाहून एकेक करत सगळी रांग उभी राहिली. बोर्डावर दिवे लुकलुकताहेत आणि कोणी उचलत नाही. तुम्ही तुमच्या टेबलापाशी बसून होतात. "बसा" म्हणाला नाहीत, "शाबास" तर नाहीच. साहेब धावत आले, संध्याकाळच्या आत वाळ्याच्या नव्या ताट्या लागल्या, कूलर सुरू झाले. जाताना साहेबांनी आम्हा दोघींकडे पाहिलं आणि मग तुमच्याकडे. ती नजर माझ्या लक्षात राहिली.

पुढच्या हिवाळ्यात तुम्ही निवृत्त झालात आणि तुमच्या जागी माझं नाव आलं. तिचं नाही. माझं. ती सीनियर, मुली तिच्या शब्दावर चालणाऱ्या, आणि नाव माझं. सगळ्यांत आधी टाळ्या तिनेच वाजवल्या, "पेढे दे वं" म्हणाली, आणि मला त्या टाळ्यांतसुद्धा काहीतरी वाकडं ऐकू आलं. टेबल माझ्या ताब्यात देताना तुम्ही ती कळ दाखवलीत. जिच्या बोर्डाची दाबावी तिचं बोलणं आपल्या कानात. "जपून वापर," एवढंच म्हणालात. मी मनात म्हटलं, आत्ता कळलं. गाद्या यासाठी होत्या. मला तुमचे कान व्हायचं होतं.

त्या खुर्चीवर बसल्यापासून मला जग वेगळंच दिसायला लागलं. मी विश्रांतीच्या खोलीत शिरले की बोलणं थांबायचं. दोघी हसल्या की माझ्यावर हसल्या. कोणी रजा मागितली की मी विचारायचे, "असं का?" कोणी म्हणालं, मुलाला ताप आहे, मी म्हणायचे, "असं का?" मला वाटायचं मी चौकशी करते आहे. तिने डबा आणणं सोडलं नव्हतं, पण मी टेबलावर जेवायला लागले. सुपरवायझरने मुलींत बसू नये, असं माझं मीच ठरवलं होतं. दुपारी तिच्याकडे पाठ करून पोळी खाताना मला कळायचं की ती माझ्याकडे पाहते आहे. की मला तसं वाटायचं, कोण जाणे.

अशातच साहेबांनी बोलावलं. तक्रार आली होती की एक्स्चेंजमधली कोणीतरी मुलगी ओळखीच्या व्यापाऱ्यांचे ऑर्डिनरी कॉल रांग मोडून लावते, आणि अर्जंटचे जादा पैसे भरणारे ताटकळत राहतात. "दोन दिवसांत नाव द्या," ते म्हणाले. "तुम्हाला नेमलं ते यासाठीच." मला नाव शोधावं लागलंच नाही. ते माझ्याजवळ तयार होतं. मी टेबलाशी आले आणि तिच्या बोर्डाची कळ दाबली. गांधीबागेतला एक कापडवाला बोलत होता. "ताई, अहमदाबाद लवकर लावा, संक्रांतीला साडी पोचवतो." आणि ती हसत हसत म्हणते आहे, "साडी? कोणत्या रंगाची जी?" मी कळ सोडून दिली. पुरे झालं. खरं सांगायचं तर मला दुःख झालं नाही. सापडली, असं वाटलं. माझा संशय खरा ठरला, याचं मला बरं वाटलं.

साहेबांकडे जाण्याआधी तिला तोंडावर सांगावं, म्हणून मी विश्रांतीच्या खोलीकडे गेले. दार अर्धवट लोटलेलं होतं. आत एक नवी मुलगी उभी राहून नक्कल करत होती. मान किंचित तिरपी, आवाज खाली, एकेक शब्द मोजून, "मुलाला ताप आहे? असं का? थर्मामीटरने पाहिलास की हाताने?" सगळ्या हसून लोळत होत्या. मलाही हसू फुटलं, कारण नक्कल इतकी हुबेहूब होती. तुमची. मी हसतच दार ढकललं. त्याबरोबर सगळं थिजलं. त्या मुलीचा चेहरा पांढरा पडला. माझी शेजारच्या बोर्डावरची मैत्रीणच पुढे झाली आणि म्हणाली, "काही नाही वं, जुन्या बाईंची नक्कल करून राहिली होती पोट्टी." मी म्हणणार होते, हो, कळलं मला. तेवढ्यात माझं लक्ष त्या मुलीच्या कानाकडे गेलं. तिने कानावर पेन खोचलं होतं. तुम्ही कानावर पेन कधी ठेवलं नाहीत, बाई. मी ठेवते.

मी साहेबांकडे गेले नाही. ड्यूटी संपली तशी सरळ धंतोलीला तुमच्या घरी आले. दवाखान्यामागच्या तुमच्या त्या दोन खोल्या मी तोवर पाहिल्या नव्हत्या. तुम्ही स्वयंपाकघरात विळीवर बसून सांबार चिरत होतात, थंडीतली हिरवीगार कोथिंबीर, सगळ्या घरभर तिचा वास. मला पाहून आश्चर्य वाटल्याचं दाखवलं नाहीत. "पाट घे. ही जुडी निवड," म्हणालात. मी पानं खुडत सगळं सांगितलं. तक्रार, साहेब, साडी. नक्कल मात्र सांगितली नाही.

"पूर्ण ऐकलंस?" तुम्ही विचारलंत.

"काय?"

"ती पुढे काय म्हणाली ते. साडीचा रंग विचारल्यावर."

"पुढे ऐकायची गरज नव्हती."

"असं का?" तुम्ही म्हणालात.

इतके दिवस मी ते दोन शब्द दुसऱ्यांना ऐकवत होते. समोरच्याला ते कसे लागतात, ते मला त्या पाटावर बसून कळलं. आपण काही चोरलेलं नसतं, तरी हात झाकावेसे वाटतात. मला इतका राग आला की कुलूपबंद करून ठेवलेली सगळी भाषा बाहेर आली. "मले काहून नेमलं, बाई? ते सांगा पहिले. मले तुमचे कान करायचं होतं ना? का आमच्या दोघींत फूट पाडायची होती?"

तुम्ही माझं 'मले' सुधारलं नाहीत. हातातला सांबार परातीत ठेवलात, पदराला हात पुसलेत आणि म्हणालात, "फूटच पाडायची होती. कूलरच्या दिवसानंतर साहेब घाबरले होते. एकीला वर घेतलं की दुसरी एकटी पडते, असं त्यांचं म्हणणं. मी हो म्हटलं."

माझा संशय खोटा ठरावा म्हणून मी तिथवर आले होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. "हो म्हटलं? तुम्ही?"

"कोणती ते मी ठरवीन, या अटीवर."

"मग तिले का नाई घेतलं? ती माझ्याहून मोठी आहे. मुली तिचं ऐकतात. काम तिचं चांगलं आहे."

"आहेच चांगलं," तुम्ही म्हणालात. "पण तिला नेमलं असतं तर तू तिला कधी माफ केलं नसतंस. तुला नेमलं तर ती तुला करील, एवढं मला माहीत होतं. मला माझ्यामागे ते एक्स्चेंज चालायला हवं होतं."

तुमचा आवाज जराही चढला नव्हता. चुलीवर पाणी उकळत होतं, बाहेर पुढच्या दवाखान्याचा गडी पेशंटचं नाव पुकारत होता. मी ती जुडी निवडून पूर्ण केली. काहीतरी करायला हवं होतं म्हणून केली. निघताना तुम्ही कालच्या दोन सांबारवड्या कागदात बांधून दिल्यात. मी रागात होते. तरी रिक्षा मिळेपर्यंत रस्त्यातच उभी राहून त्या खाऊन टाकल्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी माझा डबा घेऊन तिच्यासमोर जाऊन बसले. बाकीच्या उठून गेल्या. मी विचारलं, "त्या कापडवाल्याला तू साडीचं काय म्हटलंस?"

"म्हणजे तू पुढचं ऐकलंच नाई?" ती म्हणाली. "मले वाटलं पूर्ण ऐकून राहिली. कळ दाबली की आवाज थोडा पडते ना वं, आम्हाले सगळ्यायले समजते तू कधी आली ते."

तिला ठाऊक होतं. मी कानात बसले आहे हे ठाऊक असून ती हसत साडीचा रंग विचारत होती. "मग काय म्हटलंस पुढे?"

"म्हटलं, रंग कोणताबी असू द्या, साडी दुकानातच राहू द्या भाऊ, नंबर येईल तेव्हाच अहमदाबाद लागेल. तो सगळ्यायलेच साडी देते. आजवर रुमाल नाई आला." मग माझ्याकडे सरळ पाहून तिने विचारलं, "माह्यं नाव दिलं काय साहेबाले?"

"नाही," मी म्हटलं. "देणार होते."

मग तिने तिच्या डब्यातली भाजी माझ्या पोळीवर वाढली. त्यात माफी होती की फक्त सवय होती, हे मला ओळखता आलं नाही.

साहेबांना मी सांगितलं की नाव नाही. रांग कोणी मोडत नाही. त्यांनी विचारलं, "मैत्रीण म्हणून म्हणताय?" मी म्हटलं, "माझ्या खुर्चीवर बसून म्हणतेय." पुढचं बोलणं मात्र मी खरोखरच ऐकलं नव्हतं. माझ्याजवळ होता तो फक्त तिचा शब्द. न ऐकलेल्या गोष्टीची हमी मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा घेतली. साहेब मग कंटाळून म्हणाले, "मग त्या गांधीबागेच्या कापडवाल्याला काय कळवू? त्याचीच तक्रार आहे." मला हसू आवरेना. ज्याला तिने रांग मोडून दिली नाही, त्यानेच आम्ही रांग मोडतो म्हणून कळवलं होतं. साहेबांना मी ते सांगितलं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला की नाही, कोण जाणे. पण पुन्हा नाव मागितलं नाही.

त्यानंतर मी जे केलं ते तुम्ही मला शिकवलं नव्हतं. निदान उघड तरी नाही. दुपारच्या गर्दीच्या वेळी मी तिला उठवलं, तुमच्या खुर्चीवर, म्हणजे माझ्या खुर्चीवर बसवलं, आणि तिच्या बोर्डावर मी बसले. म्हटलं, "माझी कळ दाब. मी कशी बोलते ते ऐक आणि सांग." ती नाही नाही म्हणत होती. मुली माना वळवून बघत होत्या. मी हेडफोन चढवला आणि कॉल घ्यायला लागले. मधेच आवाज थोडा पडला. किती बारीक फरक तो, पण पाठीवर कोणी थंड हात ठेवावा तसं वाटलं. त्या सगळ्याजणी रोज हे अंगावर घेऊन काम करत होत्या.

तास झाल्यावर ती खाली आली. मी विचारलं, "सांग." ती म्हणाली, "राग मानशील." मी म्हटलं, "मानीन. तरी सांग."

"तू लोकायचं ऐकत नाई वं. तू त्यायचं खोटं शोधून राहिली. तो धंतोलीच्या दवाखान्यातून बोलणारा माणूस, त्यानं तीनदा सांगितलं का माह्या मायचं ऑपरेशन आहे, यवतमाळले भावाले कळवाचं आहे म्हणून. तीनदा तू म्हटलं, असं का? त्याले वाटलं असंल, आता मायचा फोटू पाठवू काय हिले."

मी राग मानला. दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा तिला खुर्चीवर बसवलं. मग हळूहळू ते रोजचंच झालं. पाळीपाळीने प्रत्येकीने माझं ऐकायचं आणि मला सांगायचं. ती नक्कल करणारी पोरगी सगळ्यांत कडक निघाली. 'असं का' माझ्या तोंडातून पूर्ण गेलं नाही, पण निघालं की मी स्वतःच अडखळायला लागले, आणि मुली गालात हसायच्या. लपून कळ दाबणं मी सोडलं. दाबायची झाली तर आधी उठून त्या मुलीजवळ जाऊन सांगायची. एक्स्चेंज बरं चाललं. तुम्हाला हवं होतं तसं, किंवा त्याहून थोडं बरं. पुढे लोक घरूनच परगावचे नंबर फिरवायला लागले, बोर्ड उतरवले गेले, आम्ही इकडेतिकडे पांगलो.

तुम्ही गेलात तेव्हा ती मला सोबत घेऊन तुमच्या घरी आली होती. ती रडली. मी रडले नाही. मी तुमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून एकच विचार करत होते, की त्या संध्याकाळी तुम्ही मला खरं सांगितलं होतं, की मी चिडून काय करीन हे ओळखून तसं बोलला होतात? माणसाला नेमकं कुठे टोचलं की तो हलतो, हे तुम्हाला कळत होतं. कदाचित साहेबांचं ते बोलणंच झालं नसेल. कदाचित तुम्ही मला निवडलं त्याचं कारण काही वेगळंच, साधंसं असेल, आणि ते सांगितलं असतं तर मी शेफारले असते. कधी वाटतं, गाद्या शिवणारी बाई असं कठोर बोलेल कशी. आणि कधी वाटतं, तशीच बाई बोलेल. मी संशय घ्यायचं सोडलेलं नाही, बाई. फक्त आता तो कोणावर घ्यायचा, याचा आधी विचार करते.

भाचीला हे सगळं सांगावं असं वाटलं होतं. कळेचं सांगीन, नकलेचं सांगीन, त्याला तिच्या हॉटेलातल्या माणसांनी काहीतरी नाव दिलेलं असेलच. हा कागद मात्र कोणाला दाखवणार नाही, तुम्हाला पाठवायचा प्रश्नच नाही. माझी शेजारच्या बोर्डावरची मैत्रीण आता दोन गल्ल्या सोडून राहते. आज संध्याकाळी यायची आहे, त्याआधी तो फाडून टाकीन. ती मला माफ करील असं तुम्ही तिच्याबद्दल म्हणाला होतात, ते मी तिला एवढ्या वर्षांत सांगितलेलं नाही. तिला वाईट वाटेल म्हणून नव्हे. ते ऐकून ती किती सुखावेल हे मला माहीत आहे, आणि तेवढं मोठेपण तिच्या पदरात घालायला मी अजून तयार नाही.